तेरा की सोळा

मालिकांना वयाची अट ठरवून देणाऱ्या मंडळात ती नोकरीला लागली, तेव्हा नवऱ्याने गोतावळ्यात कंडी पिकवली, "हिला टीव्ही बघायचा पगार मिळतो." पहिल्याच आठवड्यात तिचे डोळे चुरचुरायला लागले. पडदे ओढलेली खोली, तीन खुर्च्या, मांडीवर छापील तक्ता. शिवी आली की रेघ, रक्त दिसलं की रेघ.

शेजारी बाई बसत. एकतीस वर्षं नववीला नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अंगाने चिमणीएवढ्या. त्यांचा तक्ता बहुतेक कोराच. बाई डुलक्या घेतात, असा तिचा समज होता.

मग राजकारणाची ती थरारमालिका आली. एक पत्रकार, एक मंत्री, आठ भाग. तिसऱ्या भागात कोठडीत एकाला असं मारतात, की तिने पेन खाली ठेवलं. तिसरे सभासद, दातांचे डॉक्टर, म्हणाले, "सोळाच्या आत नाही. विषय संपला."

"मार बघून पोरं तोंड फिरवतील," बाई म्हणाल्या. "मला धास्ती पाचव्या भागाची आहे."

पाचव्यात तर रक्ताचा थेंब नव्हता. नायक मतमोजणीच्या खोलीत घुसून मंत्र्याच्या मतांचे गठ्ठे पळवतो, एवढंच. तिने बघताना टाळीही वाजवली होती.

"तीच टाळी," बाई म्हणाल्या. "चौदा वर्षांच्या पोराने ती वाजवली, की माझी एकतीस वर्षं पाण्यात. सोळा."

तिने आपल्या तक्त्याकडे पाहिलं. आपण नुसत्या रेघा मोजत बसलो, आणि शेजारी ही बाई काय बघत होती!

दुसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या होत्या. बाईंनी कागद बाजूला सारला आणि सातवा भाग पुन्हा लावायला सांगितला. त्यात नायकाची बहीण त्याला विचारते, "त्या गठ्ठ्यात माझंही मत होतं. कुणाला विचारून नेलंस?" बाईंनी तेवढाच तुकडा तीनदा बघितला.

"काल इथे माझा डोळा लागला होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी चुकले. तेरा लिहा, आणि खाली लिहा, मोठ्यांच्या सोबतीने बघावी."

डॉक्टर चिडले. "काल तुम्हीच सोळा म्हणालात!"

"म्हणाले ना. अर्धवट बघून म्हणाले. त्या टाळीचा जाब मालिकाच विचारते."

एवढ्या मानाची बाई, चारचौघांत झोपेची कबुली देते आणि तिचा आवाजही हलत नाही. डॉक्टर सोळावर, बाई तेरावर; आता तिचंच मत उरलं होतं. बाई तिच्याकडे वळल्या. "माझ्याकडे बघून लिहू नकोस हं. मी काल चुकले, तशी आजही चुकत असेन."

तिने तिसरा भाग एकटीने पुन्हा बघितला. कोठडीपाशी या वेळी नजर हटवली नाही. मग सातवा बघितला आणि तेरा लिहिलं.

मालिका लागली तशी पत्रं आली. एका बापाने तर मंडळाची सालटी काढली होती. बाईंनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, "सातवा भाग लेकीला शेजारी बसवून बघा. त्यानंतरही राग राहिला तर या, मी बुधवारी असते."

तो बुधवारी आला. सोबत लेकही होती. दोघं बाईंशी दीड तास भांडली, आणि त्यातला बराच वेळ एकमेकांशीच.