चुन्याच्या रेषेबाहेर शालूताई

त्या सकाळी मी इथे लखनौच्या अमौसी विमानतळावर होते. माझा भाऊ नागपूरहून यायचा होता, धुक्यामुळे विमान लांबलं होतं, म्हणून बाहेर चहा घेत उभी होते... आणि फोन वाजला. पलीकडे गजभिये भाऊजी, समोरच्या शालूताईंचे मिस्टर. नेहमीचं ‘जय भीम’ नाही, ‘कशी आहेस’ नाही. “प्रतिभा, शालू गेली गं,” एवढंच म्हणाले. सकाळी दुधाची पिशवी आत घ्यायला दार उघडलं, उंबऱ्यातच बसल्या, आणि मग उठल्याच नाहीत. हृदयाचं दुखणं होतंच, तरी मी मनाची काहीच तयारी केली नव्हती. भाऊ बाहेर आला, ‘काय झालं’ म्हणून विचारत राहिला, आणि मी त्याची बॅग उचलून अलीगंजला, आमच्या वस्तीत जायला रिक्षा ठरवू लागले. आता काही आठवडे झालेत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. त्या कार्यक्रमात लोक शालूताईंबद्दल खूप चांगलं बोलले. सोशिक, मायाळू, अबोल... मी मनात म्हटलं, अबोल? माझ्या या शेजारणीइतकी भांडकुदळ बाई अख्ख्या अलीगंजात नव्हती. मी लिहायला बसले ती म्हणूनच.

शालूताई मूळच्या भंडाऱ्याच्या. सरकारी लेखा कार्यालयात नोकरी, बदलीवर लखनौला आल्या आणि इथेच रमल्या. आम्ही वर्ध्याचे, आमच्या ह्यांचीही बदलीचीच नोकरी. क्वार्टर समोरासमोर. आम्ही सामान उतरवत होतो तर दारात येऊन म्हणाल्या, “गावाकडची तूरडाळ आणली का? इथली शिजता शिजत नाही बापा.” त्या दिवसापासून आमच्या घराला कडी लावायची सोय राहिली नाही. शाळेत असताना त्या खो-खो खेळायच्या, आणि तो खेळ त्यांच्या अंगातून कधी गेलाच नाही. क्वार्टरच्या मागे एक ओसाड मैदान होतं, तिथे पोरं क्रिकेट खेळून खिडक्या फोडायची. शालूताईंनी तिथे दोन खांब रोवले, चुन्याच्या रेषा मारल्या आणि पोरांना म्हणाल्या, “बॅट रखो, दौड़के दिखाओ.” आधी आमच्या कॉलनीतली चारदोन मुलं आली, मग शेजारच्या गल्लीतली, मग पार निशातगंजहून आई-वडील स्कूटरवर पोरांना सोडायला लागले. ऑफिसातून आल्या की साडीचा पदर खोचून मैदानात, रविवारी सकाळपासून मैदानात. भाऊजी म्हणायचे, आमचं लग्न झालं आहे असं मला दर पगाराला आठवतं. मुलं त्यांना ‘ताई जी’ म्हणायची.

एकदा कप्तान कुणी व्हायचं यावरून दोन मुलांच्या वडिलांची मैदानातच जुंपली. शालूताईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जिनको खेलना है, वही तय करेंगे.” पुढच्या रविवारपासून खेळाडूंचं मंडळ सुरू झालं. मुलं त्याला कमेटी म्हणायची. पाच जण, मुलांनीच निवडलेले. त्यात एक अगदी लहान गटातलं हवं, आणि एक असं हवं ज्याला सामन्यात सहसा घेतलं जात नाही. कप्तान कोण, सराव कधी, दांडी मारली तर काय करायचं, हे सगळं त्यांनी ठरवायचं. बसायची पद्धत मात्र शालूताईंची स्वतःची. खो-खोत बसतात तसे पाचही जण मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यात, एका रांगेत बसायचे, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. मत द्यायचं ते मान न वळवता, हात वर करून. हात मोजायला मंडळाबाहेरचा एखादा खेळाडू उभा. “समोरासमोर बसवलं की बारके मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून हात वर करतात,” त्या मला म्हणाल्या, “आपल्या ऑफिसात दुसरं काय होतं?” मोठ्या माणसांनी रेषेबाहेर थांबायचं, बोलावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि मंडळाला ‘देखेंगे’ म्हणायची परवानगी नव्हती. मोठी माणसं पोरांना ‘बघू, बघू’ करत टोलवतात, हा त्यांचा जुना राग. म्हणून कुणीही काहीही मागितलं तरी पुढच्या बैठकीत उत्तर द्यायचंच. हो किंवा नाही, आणि का, तेही सांगायचं. निकाल सांगायचं काम सगळ्यांत लहान मेंबराचं.

मला हा सगळा खुळेपणा वाटायचा आणि मी तसं तोंडावर सांगायचे. त्यात आमची रुची मंडळात निवडून आली. एका सामन्यात मी बाहेरून “भाग रुची, भाग” म्हणून ओरडले, तर मंडळानं मला पुढच्या रविवारी मैदानात चुना मारायची शिक्षा दिली. बाहेरून ओरडणाऱ्या सगळ्याच पालकांना तो नियम होता. घरी मी रुचीला म्हटलं, अगं, आई आहे मी तुझी. पोरगी म्हणते, “मम्मी, नियम है.” आम्ही घरात मराठी बोलतो आणि ही पोरं उत्तर हिंदीत देतात, त्याचं आता काही वाटेनासं झालंय. तर मी भर उन्हात चुना मारतेय आणि शालूताई शेजारी उभ्या राहून मजेत सांगताहेत, “काऊन गं, रेघ वाकडी जातेय तुझी.”

मग गेल्या उन्हाळ्यात त्या मैदानातच चक्कर येऊन खाली बसल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हृदय दमलंय, ऊन नको, धावपळ नको, ओरडणं नको. म्हणजे मैदान नको. भाऊजींनी विनवलं, पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं फोनवरून रागावून पाहिलं, मी तर दारात आडवी उभी राहिले. “हो हो, बघू,” म्हणायच्या आणि संध्याकाळी पुन्हा गळ्यात शिट्टी. मैदान सोडलं नाही तर त्या फार दिवस काढणार नव्हत्या, हे आम्हाला दिसत होतं, आणि सोडलं तर दिवस काढतील तरी कशावर, हेही मला कळत होतं. रात्र रात्र मला ते डाचायचं. शेवटी मंडळानंच तो विषय घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, मुलांनी आपणहून घेतला. शालूताई आमच्यासोबत रेषेबाहेर उभ्या. रुचीनं त्यांना आत बोलावून विचारलं, “ताई जी, आपको कुछ कहना है?” शालूताई एवढंच म्हणाल्या, “दौड़ूँगी नहीं. बस खड़ी रहूँगी.” त्यांचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मग मनाई करायला चार हात वर झाले. पाचवा झाला नाही. तो इन्शाचा, निशातगंजहून येणाऱ्या एवढ्याशा पोरीचा. सगळ्यांत लहान म्हणून निकाल सांगायचं कामही तिचंच. ती शालूताईंसमोर आली, कमेटीने मना किया है म्हणाली, कुर्सी पर बैठ सकती हैं, लाइन के बाहर, छाँव में. आणि मग मागे वळून आपल्याच मंडळाला म्हणाली, “पर ये घर जाके करेंगी क्या?”

शालूताईंनी शिट्टी काढून रुचीच्या हातात दिली. खोचलेला पदर सोडला आणि घराकडे चालू लागल्या. मला रुचीचा इतका राग आला होता... म्हटलं, तुला काही वाटलं नाही का गं त्यांच्याबद्दल? ती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “वो मानने से मना कर देतीं तो? हम सब यही सोचके डर रहे थे. फिर अगले इतवार कौन बैठता कमेटी में?” तेव्हा कुठे मला उमगलं की त्या दिवशी खरी परीक्षा शालूताईंची होती.

आणि शालूताईंनी तो निकाल पाळला. कुरकुर करत, नाक मुरडत, पण पाळला. नवऱ्याचं, मुलाचं, डॉक्टरचं न ऐकणारी बाई त्या पोरांचं ऐकून रोज कडुनिंबाखाली खुर्चीवर बसायची. कुणी चुकीचा खो दिला की अर्धवट उठायची, रुची तिकडे पाहायची, की ही पुन्हा खाली. मग मला मराठीत हळूच, म्हणजे पोरांना कळू नये म्हणून, “बघ, सगळा सत्यानाश करताहेत.” त्यावर मैदानातून रुची, “सुनाई दे रहा है, ताई जी.” ते सहा-सात महिने आम्हाला मिळाले ते या पोरांमुळे, असं भाऊजी म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

थंडी पडली आणि शालूताईंच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. एका रविवारी त्या रेषेपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि रीतसर मंडळाला विचारलं, आता ऊन नाही, मला बरं वाटतंय, मैदानात येऊ द्या. मंडळानं पुढच्या बैठकीत सांगतो म्हटलं. मग रोजच त्या एखाद्या परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारख्या होत्या. जिन्यात भेटल्या की, “रुची काही बोलली का गं घरी?” रुची अर्थातच काही बोलत नव्हती. आणि रविवार उजाडायच्या आधीच त्या गेल्या.

तो रविवार आला तेव्हा आम्हाला वाटलं, मुलं येणार नाहीत. पण मैदानात चुना पडला होता. रुचीनं आदल्या दिवशी भाऊजींना जाऊन विचारलं होतं, “ताई जी ने पूछा था, जवाब देना है. आप आएँगे?” भाऊजी शाल पांघरून आले, रेषेबाहेर माझ्या शेजारी उभे राहिले. धुकं इतकं होतं की पलीकडचा खांब दिसत नव्हता. पाच जण पाटीवर बसले, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. एक मुलगा म्हणाला, “मंज़ूर कर देते हैं यार, अब क्या फ़र्क पड़ता है.” रुची म्हणाली, “वो सामने खड़ी होतीं तो जो बोलते, वही बोलना है.” मग हो म्हणणारे हात मोजले. एकच होता, त्या मुलाचा. माझ्या मागे कुणाच्या तरी आई पुटपुटल्या, “ये भी कोई तरीका है.” मी मनात म्हटलं, एवढंसं मागितलं होतं हो तिनं, आणि आता तरी...

इन्शा उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि धुक्यातून चालत आमच्यापर्यंत आली. रडून तिचं नाक लाल झालं होतं. भाऊजींसमोर उभी राहून म्हणाली, “ताई जी को अभी मैदान में नहीं आना है. बहुत ठंड है, डॉक्टर ने मना किया है. होली के बाद फिर पूछ लें.”

भाऊजी खाली वाकले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अच्छा बेटा. बता दूँगा.”