काटेवाल्याच्या आतड्याची चौकशी

आमच्या ह्यांना सगळे चौकशीमास्तर म्हणतात. धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. वाण्याचे, भंगारवाल्याचे, दवाखान्यात बाळं तोलायचे, सगळे काटे आमच्या पुढच्या खोलीत येऊन पडतात. काटा लवकर बरा होतो, गिऱ्हाईक मात्र अडकून बसतं. भंगारवाल्याला हे विचारणार, तांबं वितळवताना वास कसा येतो. औषधवाल्याला विचारणार, गोळीत औषध किती आणि खडू किती. तुम्हाला धंदा करायचाय की जगाची परीक्षा घ्यायचीय, असं मी लग्नापासून विचारतेय. पुढच्या खोलीतून डबीतले स्क्रू पाडल्याचा आवाज तेवढा येतो.

अशा माणसानं एक गोष्ट मात्र जन्मात कधी विचारली नाही. आमच्या सासूबाई प्रसूतिगृहात आया होत्या. एक बाई बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मूल टाकून निघून गेली. सासूबाईंच्या घरी एक मुलगा होताच, त्यांनी हाही उचलून आणला, तेच आमचे हे. हे त्यांनी मला लग्नाआधी स्वतः सांगितलं, आणि आता ह्यावर पडदा, असंही सांगितलं. आमच्या घरात 'सख्खा' हा शब्द चालत नाही. एकदा एका पाहुण्यानं सहज विचारलं, हे दोघे सख्खे भाऊ का, तर सासूबाईंनी त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला. ह्यांना ठाऊक, थोरल्या दिरांना ठाऊक, मला ठाऊक. आमच्या लेकीला तेवढं कुणी सांगितलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या वर्षी थोरल्या दिरांचं, म्हणजे दादांचं, दुखणं निघालं. शौचातून रक्त जात होतं आणि दादा मूळव्याध म्हणून महिनोन्‌महिने दडवत होते. पुरुषांना ह्या बाबतीत कसली लाज असते देव जाणे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आतड्याचा वीतभर तुकडा काढला. मग सगळ्यांना आठवलं की सासरेही ऐन उमेदीत पोटाच्या दुखण्यानं गेले होते, ते हेच. दादांच्या सर्जननी सांगितलं, भावंडांना हा धोका किती आहे ते बघून घ्या. सासूबाई खाटेशीच बसल्या होत्या. त्या लगेच ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, तू उद्याच जा. त्यांच्यापुढे तोंड कोण उघडणार?

धोका मोजणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण धीराच्या. त्यांनी वय विचारलं, वजन घेतलं, तंबाखू, सिगारेट, चालणं-फिरणं, खाणंपिणं, सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं. ह्यांचे डोळे चमकले. झालं, मी मनात म्हटलं, आता इथून जेवायच्या वेळेपर्यंत सुटका नाही. हा आकडा येतो कुठून, असं ह्यांनी विचारलंच. बाईंनी समजावून सांगितलं की हजारो माणसांचं पुढे काय झालं ह्याची नोंद ठेवलेली असते. त्यांतली तुमच्यासारखी माणसं बघायची, आणि शंभरातल्या किती जणांना हा आजार झाला ते काढायचं.

"आणि त्या शंभरातले नेमके कोण, ते?"

"ते नाही सांगता येत. कुणाला आधी तपासायचं, तेवढं कळतं."

हे ह्यांना फार आवडलं. काट्याचंही तसंच, म्हणाले, तो वजन सांगतो, दाणे कोण खाणार ते सांगत नाही. बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, वडिलांना होता का? हे म्हणाले, हो. आणि आता आजारी आहेत ते तुमचे सख्खे भाऊ?

"हो," हे म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही.

मी टेबलाखालून पाय मारला, तो डॉक्टरीणबाईंना लागला. बिचाऱ्यांनी पाय मागे घेतला आणि कॉम्प्युटरमध्ये पुढचं भरायला लागल्या. आता ह्यांना तरी काय बोलावं? ज्या घरात तो शब्दच कुणी उच्चारला नाही, तिथे वाढलेला माणूस. त्या शब्दाला 'नाही' म्हणायचं त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. वडील आणि भाऊ, दोघेही रक्ताचे, त्यातले एक तरुणपणी गेलेले, असा हिशेब धरल्यावर आकडा टुणकन वर गेला. बाई म्हणाल्या, वाट बघायची नाही, सरळ दुर्बिणीनं तपासू.

घरी येताना मी रस्त्यावरच बोलायचं ते बोलून घेतलं. भांडण तुझं आतड्याशी आहे की माझ्याशी, असं हे विचारायला लागले. मग हळूच म्हणाले, आईनं विचारलं, डॉक्टरला काय सांगितलंस, तर मी काय सांगू?

तपासणीच्या आधी आतडं रिकामं करायचं पाणी प्यायला देतात. खारट, बुळबुळीत, आणि घागरभर. चौकशीमास्तरांची त्या दिवशी सगळी चौकशी संडासाच्या दारापाशी संपली. ज्या धोक्याशी आपला काही संबंध नाही त्याच्यासाठी माणूस आतून खरवडून निघत होता, आणि मला हसू येत होतं आणि रागही येत होता. तपासणीत मात्र अर्धवट गुंगीतही ह्यांनी मान वळवून पडदा बघितला. आतल्या अस्तरावर मोडासारखी गाठ उगवते, तिला पॉलिप म्हणतात. तिचा कॅन्सर व्हायला वर्षं लागतात, म्हणून आधीच सापडली तर तिथल्या तिथे काढून टाकतात. ती इतकी वर्षं कशाची वाट बघते, असं ह्यांनी विचारल्यावर बाईंनी त्यांना गप्प पडायला सांगितलं. एकही गाठ निघाली नाही. आतडं स्वच्छ.

मी सुस्कारा सोडला आणि इथेच चुकले. बाई म्हणाल्या, आता निघालं नाही तरी दर काही वर्षांनी बघत राहायचं. आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, घराण्यात आहे, तेव्हा तुम्हीही पुढे लवकर तपासायला लागा. लेक बाबांना घरी न्यायला म्हणून सुट्टी काढून आली होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

त्या दिवसापासून पोरगी मोबाइलमध्ये आतडीच वाचायला लागली. जरा पोट दुखलं की संपलं. तिच्या ऑफिसातल्या एका मुलाशी तिचं जमलंय, आम्हालाही पसंत आहे. तर एका संध्याकाळी तिनं मला सांगितलं, मी त्याला म्हटलंय, आमच्या रक्तात हे आहे, तू पुन्हा विचार कर. सांगताना तिचा आवाज अगदी कोरडा होता.

मी तशीच पुढच्या खोलीत गेले. ह्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि म्हटलं, "तुमच्या मुकेपणाचे भोग लेकीनं का भोगायचे? आईंना तुम्ही सांगता का मी सांगू?"

सासूबाई दादांकडे राहतात. आम्ही गेलो तेव्हा आतल्या खोलीत दादा झोपले होते आणि त्या खिडकीशी बसून त्यांच्या धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मी दारातच थांबले. ह्यांनी आधी खिडकीची कडी बघितली. मग दादांच्या गोळ्या कधी आणि कशाबरोबर द्यायच्या ते विचारलं. मग पंखा आवाज का करतो ते विचारलं. सासूबाई म्हणाल्या, बस आणि काय ते बोल.

मग ह्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरला मी दादाचा सख्खा भाऊ आहे म्हणून सांगितलं, आता पोरीनं जिवाला घोर लावून घेतलाय, खरं सांगावं लागेल. तो शब्द बोलताना ह्यांची मान खाली होती. मला वाटलं आता त्या उठून आत जातील. त्या घडी घालत राहिल्या. मग एवढंच विचारलं, खरं सांगितलंस तर तो आकडा किती उतरेल? हे म्हणाले, चारचौघांइतका होईल. मागचं काही माहीत नाही असंच धरतील, आणि वयाप्रमाणे शौचाची तपासणी करत राहायची. पोरीचंही तसंच.

सासूबाईंनी चादर बाजूला ठेवली.

"मग बरं झालं, तू माझ्या पोटचा नाहीस ते."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. आणि म्हातारी चक्क हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं. एक तरी सुटला, म्हणाली, सांग त्या बाईला, पोरीलाही सांग. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू आवरेना.

हे तिचा हात धरून बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आई, डॉक्टर विचारतील. ती बाई कुठली होती, तिला काही दुखणं होतं का. तुला काही माहीत आहे?"

"नाही रे. नर्सबाई म्हणाल्या होत्या, चौकशीला माणूस पाठवू. मीच नको म्हटलं." तिनं ह्यांचा हात घट्ट धरला. "चौकशी केली असती तर कुणीतरी सापडलं असतं."