शेप्याची शेवटची काडी

झरीला आत्याच्या बांधावर शेप्या आंबा होता. फळाला शेपूचा वास, म्हणून शेप्या. तसलं झाड पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. मला विचाराल तर पृथ्वीवर नव्हतं. ज्येष्ठातल्या वादळात ते मुळासकट आडवं झालं.

मी पूर्ण्यात राहतो, पण कलमांच्या बाबतीत माझी जीभ झरीपर्यंत पोचलेली. खराट्यावर कलम बांधून मोहोर आणीन, असं मी एका लग्नाच्या पंगतीत बोललो होतो. आत्यानं ते ध्यानात ठेवलं. ओल्या फडक्यात शेप्याच्या चार काड्या गुंडाळून ती एसटीनं थेट माझ्या दारात, मुक्कामाला.

"शेप्या आता तुझ्या हातात हाय," म्हणाली.

मी चाकूला अशी धार लावली, की नुसता धरला तरी शेजारच्यांची भाजी चिरून व्हावी.

अंगणात गावरान कोयीची रोपं होती. त्यातली काडीच्या जाडीची रोपं खालचा खुंट म्हणून निवडली, शेंडा छाटून चिरली, काडीला पाचर करून आत बसवली, पट्टी आवळली, वरून प्लास्टिकची पिशवी घातली. आत्यानं प्रत्येक रोपाला काळा दोरा बांधला आणि उरलेला दोरा हातात धरून माझ्या गळ्याकडं बघितलं.

तीन काड्या काळ्या पडल्या. एक उरली. जेवताना घास हातात घेऊनच मी तिला बघायला अंगणात जायचो.

मग एका सकाळी आत्याचा आवाज रेल्वेच्या भोंग्यावर गेला. कलम फुटलं होतं. मी पोचेपर्यंत तिनं गल्लीत साखर वाटली होती. मी वाकून बघितलं. फुटवा पट्टीच्या खाली होता. म्हणजे खुंटाचा. तो वाढला तर सगळा रस पिऊन बसणार, वरची काडी वाळणार. तो काढला आणि काडी आधीच मेलेली असली, तर हातात काहीच नाही.

आत्या त्या पानांवरून बोट फिरवत होती. मी डोळे मिटून फुटवा खुडला.

"काय केलंस रे हे?"

"आत्या, तो गावरान होता. शेप्या वर हाय."

"अन् वरचा मेला असंल तर?"

तिनं बाज ओढून रोपापाशी टाकली, तिथंच बसली. आमच्या घरात कुणी मोठ्यानं खोकेना.

आठवडाभरानं काडीच्या टोकाला तांबूस डोळा फुगला. पट्टीच्या वर. मी पिशवी काढायला गेलो, तर आत्यानं मनगट धरलं.

"हात लावू नगंस. आता फळ चाखूनच झरीला जाते मी."

कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.