कळंबच्या पुढच्या तांड्यावर तीज आणि शाळा

“कळंबला चिंतामणीचं दर्शन झालं, आता जवळपास काय बघायचं?” असं या ब्लॉगवर अधूनमधून कुणीतरी विचारतं. माझं उत्तर साठेक वर्षांपूर्वीचं आहे आणि आता तिथे तसं काही दिसेल याची हमी नाही. तरी सांगते, कारण त्या दोन दिवसांत जे पाहिलं तसं पुढे कुठे पाहिलं नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी यवतमाळला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. म्हणजे पुस्तकातला आंबा बघून मुलींनी कागदावर आंबा काढायचा, बाहेरच्या झाडाला खरे आंबे लटकत असले तरी खिडकीकडे बघायचं नाही. माझी मैत्रीण कुसुम आणि मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला बरोबर होतो. तिने कळंबच्या पुढची एका बंजारा तांड्यावरची शाळा मागून घेतली होती. मागून! एरवी अशी बदली रद्द करायला लोक ओळखी शोधत फिरायचे. श्रावणात ती बाजाराला आली आणि तिने मला रस्त्यातच धरलं.

“तुह्या पोरी घेऊन तीज पाहाले ये,” ती म्हणाली. “आन् लवकर ये. तीज झाली का माह्या साऱ्या पोट्ट्या पुन्हा गुरांमागं जातीन.”

तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली श्रावणात टोपल्यांमध्ये गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी कोंब तोडून सगळ्यांना वाटतात, ती ही तीज. टोपल्या असतात नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या दारी. त्या वर्षी नायकाच्या घराचं छप्पर उतरवलेलं होतं. कुसुमने लगेच शाळेची पडवी देऊ केली. ज्या मुलींनी कधी शाळेचा उंबरा पाहिला नव्हता, त्या आता पाणी घालायला रोज शाळेत येऊ लागल्या. कुसुम काय त्यांना नुसतं पाणी घालून परत पाठवणार? पण नायकाने बजावून ठेवलं होतं: तीज आहे तोवरच. पुढे गुरं कोण राखणार?

मी मोठ्या बाईंना ‘निसर्ग-अभ्यास सहल’ असं भारदस्त नाव सांगितलं आणि सातवीच्या आठ-दहा मुली घेऊन निघाले.

तेव्हा नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, पण मोटारीत निम्मी माणसं अजून आण्यांतच भाडं विचारत होती, त्यामुळे कंडक्टरची तिकिटं फाडून होईतो कळंब आलं. देवळाच्या पायऱ्या उतरून चिंतामणीला हात जोडले, बाहेर फुटाणे-चुरमुरे बांधून घेतले आणि कुसुमने धाडलेल्या बैलगाडीत बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा गाडीमागून चाललो, कारण चाकं काळ्या मातीत रुतत होती. आज जाणार असाल तर सडक चांगली आहे, यवतमाळहून अर्ध्या-पाऊण तासात कळंब येतं. पण पावसाळ्यात सडक सोडून शेतात शिरणार असाल तर भारी चपला घरी ठेवा. तो चिखल एकदा धरला की सोडत नाही. आमच्या सातवीतल्या नलूची चप्पल तर त्याने ठेवूनच घेतली.

शाळा म्हणजे एक मातीची खोली, पुढे पडवी, मागे भाजीचा मळा. आत पाऊल टाकलं आणि मी थक्क झाले. भिंतींवर गेरू आणि चुन्याने काढलेली नक्षी होती, ती या मुलींच्या आयांच्या घागऱ्यांवरची. एक म्हातारी आरसे टाके घालून बसवायला शिकवत होती आणि त्याच टाक्यांवर कुसुम त्रिकोण-चौकोन शिकवत होती. मळ्यात मुलं अंबाडीच्या वाफ्यांवरून पाढे म्हणत होती. कुणी छडी घेऊन उभं नव्हतं, कुणी पेंगत नव्हतं. मी इतकी वर्षं ज्याला शिकवणं म्हणत होते ते काय होतं, असं मला वाटून गेलं. खोटं कशाला बोलू!

आणि पडवीत मचाणावर ओळीने तीजेच्या टोपल्या. पळसाची पानं, वारुळाची माती आणि सावलीत वाढलेले पिवळेधमक कोंब. मुली पाणी घालत गात होत्या. आमच्या मुली, एरवी वर्गात कुजबुजायचं थांबत नाहीत त्या, गप्प उभ्या राहिल्या.

कुसुमने मागच्या अंगणात धड्यासाठी मातीच्या दोन पसरट परळांत वेगळे गहू पेरले होते. एक परळ उन्हात, एक झाकणाखाली. जेवणं झाल्यावर (ज्वारीची भाकरी, तरोट्याची भाजी, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा) ती सगळ्यांना म्हणाली, “आता गव्हाचा एकेक कोंब उपटा, मूळ पाहा, मंग चित्र काढा.” नलू तेव्हा पायाचा चिखल धुऊन येत होती. तिने हुकूम ऐकला, परळं काही पाहिली नव्हती. गहू दिसला तो पडवीतला. आज्ञाधारक पोर, हात घातला आणि उपटला.

गाणं थांबलं. एक मुलगी किंचाळली.

ती टोपली नायकाच्या मुलीची, सोनकीची होती. असेल नऊ-दहा वर्षांची. तीज टच्च भरून यावी म्हणून मुली किती जपतात, वेळेआधी कोंबाला कुणी नखही लावत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी तीज तोडायची होती! क्षणात पडवीसमोर सगळा तांडा गोळा झाला. लाल पागोटं बांधलेला नायक आला. कुसुमचं तोंड उतरलं.

“म्हनूनच म्हनत होतो बाई,” तो शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. “तीज अन् शाळा एका ठाई नाही नांदत. उद्या टोपल्या उचलू. मंग पोरी इकडं नाही येनार.”

नलू हुंदके देत होती. मी पुढे होऊन माफी मागितली.

“मले कायले मांगता माफी?” नायक म्हणाला. “तीज पोरींची हाय. त्याह्यले पुसा.”

तिथली रीतच तशी. परवानगी नायक देतो, पण एकदा गहू पेरला की तीजेत शब्द चालतो मुलींचा. सगळे सोनकीकडे बघू लागले. ती मात्र कुणाकडेच बघत नव्हती. तिने नलूच्या हातातला कोंब घेतला होता आणि त्याच्या मुळाकडे बघत होती. दरवर्षी मुली कोंब वरून तोडायच्या, मुळं मातीबरोबर नाल्यात जायची. तीजेचं मूळ तिथे कुणी पाहिलंच नव्हतं. कोंबाहून लांब, पांढरं, केसासारखं बारीक.

“दाना कुठं गेला?” तिने विचारलं.

“तोच तं हाय, दाबून पाह्य,” कुसुम म्हणाली.

सोनकीने मुळाशी लोंबणारं साल चिमटीत दाबलं. “याच्यात तं काहीच नाही! कोंबानं खाल्ला काय?”

सगळ्या मुली तिच्याभोवती जमल्या. बायका वाकल्या. नायकही टाचा उंच करून बघू लागला. मग सोनकीने निकाल दिला. “हिनं आमच्या तीजेले हात लावला, आता हे आमचीच. आमच्यासंग पानी घालन, आमच्यासंग नाचन, उद्या आमच्यासंग वाटन.”

त्या संध्याकाळी बोरीच्या फांदीचा खेळ झाला. मुलींनी भिजवलेले हरभरे काट्यांना टोचायचे आणि मुलग्यांनी फांदी हलवून ते पाडायचे. नलूची बोटं रक्ताळली आणि ती खिदळत होती. मी तिला इतकी हसताना कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीज तोडली. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, पाहुण्याला निरोप द्यावा तशा. नलू पण. मग त्या सगळ्यांना कोंब वाटू लागल्या. पुरुष डोकं झुकवत आणि मुली त्यांच्या पागोट्यात कोंब खोवत. सोनकी बापासमोर उभी राहिली.

“बापू,” कोंब खोवता खोवता ती म्हणाली, “दाना सरला का मंग कोंब काय खाते, ते बाई उद्या सांगनार हाय.”

नायकाचं डोकं झुकलेलंच राहिलं. “उद्या गुरं कोन राखन?”

 बाप-लेकीच्या मधे येऊन कोणीतरी उत्तर दिलं.

“सोनकीच राखन,” कुसुम म्हणाली. “गुरं जिकडं, शाळा तिकडं. शाळेले का पाय नाहीत?”

नायक सरळ उभा राहिला. पागोट्यातला कोंब हाताने चाचपला. “शाळाच रानात येऊन राह्यली तं मी कोन अडवनार?” तो म्हणाला. “पन बसतानी साप-किरडू पाहून बसा, बाई.”

कुसुमने तोंडाला पदर लावला आणि ती रडली. मीही रडले.

आम्ही यवतमाळला परतलो ते चिखलाने माखून, पदरात चुरमा बांधून. मोठ्या बाईंनी सहलीचा अहवाल मागितला, तो मला धड लिहिता आला नाही. फोटोही नाही माझ्याकडे एक. राहिलं ते एवढंच की पुस्तकातला आंबा पुढे माझ्याच्याने फळ्यावर काढवेना. कुसुमची शाळा मात्र खरंच गुरांमागे गेली. पळसाखाली पाटी आणि धूळ, आणि चरणाऱ्या गाईंची चित्रं.

काही वर्षांनी नायक स्वतः सोनकीला घेऊन आमच्या शाळेत आला. यवतमाळातच राहणाऱ्या कुसुमच्या आईकडे तिची राहायची सोय झाली होती. पाचवीचा पहिला तास माझा. मी खडू घेऊन फळ्याकडे वळले, तशी मागून ती उभी राहिली.

“बाई, बाहेर कवा जाचं?”

वर्ग हसला. मी खडू ठेवला आणि सगळ्यांना चपला घालायला सांगितल्या.