माझं क्रिएटिनिन एकदम नॉर्मल!

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. कारण ही माझी फजिती निम्म्या महू गावाने डोळ्यांनी पाहिली आहे, आता तुमच्यापासून काय लपवायचं?

मी इंदूरला पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर. पंप, पाइप, व्हॉल्व्ह यांतच आयुष्य गेलं. त्यामुळे माणसाचं शरीर म्हणजे थोडं बारीक प्लंबिंग, असा माझा ठाम समज. स्नेहलतागंजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही ब्लड रिपोर्ट आला की आधी माझ्याकडे. "भिया, जरा देख लो ना!" मी चष्मा लावतो, काही ठळक अक्षरांत छापलंय का बघतो आणि निकाल देतो. ठळक नाही? मग काही नाही!

तर एका सकाळी माझ्याच डाव्या कुशीत कळ आली. हातातली पोह्यांची प्लेट मी न खाता खाली ठेवली. इंदूरचा माणूस पोहे सोडतो म्हणजे कळ काय असेल, तुम्हीच समजा.

डॉक्टर म्हणाले, "किडनीचा खडा वाटतोय. ब्लड टेस्ट करा आणि सोनोग्राफीपण आजच करून टाका."

इंजेक्शनने कळ थांबली. संध्याकाळी ब्लड रिपोर्ट मोबाइलवर आला. क्रिएटिनिन नॉर्मल, युरिया नॉर्मल. एक अक्षर ठळक नाही!

"सोनोग्राफी कॅन्सल," मी जाहीर केलं.

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना?" माझी बायको सुलभा म्हणाली.

"क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो बाहेर फेकते. कचरा साचलेला नाही, म्हणजे किडनी चालू. गॅस आहे, गॅस!"

शिवाय दोन दिवसांनी महूला सुलभाच्या भाचीचा साखरपुडा. जेवायला दाल-बाफले. सोनोग्राफीत कोण अडकणार?

महूला पोचलो तर मेहुणा प्रकाश दारातच म्हणाला, "जिजाजी, तबियत कशी आहे आता?"

विचारलंच त्याने! मी मोबाइल काढला. प्रकाशला, मुलाच्या आईवडिलांना, खुर्च्या मांडणाऱ्यालासुद्धा रिपोर्ट दाखवला. "बघा, दोन्ही किडन्या घोड्यासारख्या पळतायत!" मुलाच्या काकांना तर त्यांच्या कंबरदुखीवर सल्लाही देऊन टाकला, फुकटात.

अंगठी घालायची वेळ झाली. सगळे मुलीकडे बघत होते. तेवढ्यात ती कळ परत आली, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सतरंजीवर आडवा! भटजी मंत्र विसरले. होणारा जावई शेरवानीतच गाडी चालवत मला इंदूरला घेऊन आला. पहिल्या भेटीत त्याने सासरची ही एवढीच बाजू पाहिली. बाफले राहिले ते राहिलेच.

सोनोग्राफी झाली. डावीकडच्या मूत्रवाहिनीत खडा घट्ट अडकलेला, लघवी तुंबून वरची किडनी फुगलेली.

"पण डॉक्टर, रिपोर्ट तर नॉर्मल होता!" मी कण्हत कण्हत वाद घातला.

"होणारच की! तुमची उजवी किडनी चांगली आहे. एक बंद पडली तर दुसरी दोघींचं काम उचलते, रक्तात पत्ताच लागत नाही. इकडे डावी तुंबत बसलेली. असेच थांबला असतात ना, तर ती कायमची गेली असती. आप करते क्या हो, भिया?"

"पाणी... पुरवठा," मी पुटपुटलो.

आता सुलभा बोलली. "डॉक्टर, हे खात्यातल्या नव्या पोरांना काय शिकवतात माहितीये? टाकी भरलेली दिसली म्हणून दोन्ही पंप चालू आहेत असं समजू नका, जाऊन बघा!"

डॉक्टर एवढे हसले की नर्स डोकावून गेली. मला हसू येत नव्हतं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

खडा निघाला, किडनी वाचली. आम्ही घरी निघालो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमच्या मात्र झटकन लक्षात आलं."

"येणारच! आमच्या घराचा रिपोर्टपण लग्नापासून नॉर्मलच येतोय. एकच पंप चालू आहे हे बाहेर कुणाला कळतंय?"

मनाला लागलं हो. तेव्हापासून सकाळचा चहा मी करतो. काल कप तिच्या हातात दिला आणि ऐटीत विचारलं, "काय, आता दोन्ही पंप चालू ना?"

तिने एक घोट घेतला, सिंकमधल्या भांड्यांकडे बघितलं.

"अहो, डावा अजून नुसता आवाजच करतोय."