मामांवर झालेला सत्कार

गेल्या दिवाळी पाडव्याला सकाळी, आत्यानं ओवाळून निरांजन खाली ठेवल्याला तासही झाला नसेल, तेव्हा तिच्या यजमानांचा आमच्या धबधब्यासमोर भर मांडवात जाहीर सत्कार करण्यात आला. शाल, श्रीफळ, फेटा, टाळ्या, सगळं. एवढा उघड अन्याय कोल्हापूर जिल्ह्यात आणखी कुणावर झाला असेल तर त्यानं पुढं यावं, त्याचंही पत्रक मी काढीन. हसू नका. आधी माणूस कोण आहे ते ऐका.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. कोडोलीच्या पुढं, डोंगराच्या पोटातलं त्यांचं नि माझंही गाव. धंदा फेटे बांधण्याचा. या भागात असा नवरदेव नाही आणि असा पुढारी नाही की ज्याच्या डोक्याचा घेर मामांना पाठ नाही. डोक्यात काय आहे तेही ते सांगतात, पण त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. आणि धबधब्याला ते धबधबा म्हणत नाहीत. ती आक्का. वर सड्याच्या सपाट माथ्याखालच्या जांभ्या दगडातून झरा फुटतो, उंबराच्या मुळ्यांतून वाट काढत कड्यापर्यंत येतो आणि खालच्या डोहात उडी घेतो. पावसाळ्यात इथला प्रत्येक ओहोळ स्वतःला धबधबा म्हणवून घेतो. मे महिन्यात त्यातला एकही जागेवर सापडत नाही. आक्का मात्र मनगटाएवढी का होईना, पडत असते. कडेचे नेचे हिरवेगार, डोहात खेकडी, आणि समोरच्या दगडावर मामा. "बाकीचं समदं निवडणुकीपुरतं," ते म्हणायचे, "आक्का बारा म्हैनं हाय."

या आक्काच्या अंगावर कुणी कचरा टाकला तर मामा भांडत नसत. ते त्याचा सत्कार करत. मोबाईलवर हलगी लावायची, छोट्या स्पीकरला जोडायची, आणि गाडीकडं निघालेल्या माणसाला गाठून अदबीनं म्हणायचं, "पावणं, जरा थांबा की. तुमचा सत्कार हाय." आमच्याकडं सत्कार म्हटल्यावर कशाबद्दल हे कुणी विचारत नाही. माणूस आपोआप ताठ होतो, शर्ट खाली ओढतो. मामा त्याच्या डोक्याला सुरेख तुरा काढलेला फेटा बांधत, त्यानंच टाकलेल्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं पळसाच्या पानात बांधून त्याच्या हातात श्रीफळासारखी देत, आणि जमलेल्या गर्दीपुढं भाषण करत की या थोर गृहस्थांनी लांबून येऊन, पदरचं पेट्रोल जाळून, आमच्या आक्काला हा आहेर केला. नियम दोनच. सत्कारमूर्तीनं मान खाली घालून गप उभं राहायचं. आणि सत्काराची वस्तू वाटेत टाकायची नाही, घरी न्यायची. कबनूरची चार पोरं एकदा आपलाच कचरा मांडीवर घेऊन गेली. शिरोळचा एक बागायतदार धारेखाली डोक्याला शाम्पू लावून बसला होता. मामांनी त्या फेसावरच फेटा चढवला. फेटा सुटेना, फेस थांबेना. तो पुढच्या वर्षी पुन्हा आला, पण टक्कल करून.

मग सुशोभीकरण समिती आली. तिनं काय केलं? झऱ्याच्या तोंडावर सिमेंटची टाकी बांधली, झाकण घातलं, आणि पाणी पाइपानं पलीकडच्या रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाला नेलं. आक्कासाठी मोटार बसवली. रविवारी दुपारी चालू, एरवी बंद. शेजारी फायबरची दोन हरणं उभी केली. ती मात्र बाराही महिने आहेत. पाडव्याला उद्घाटन झालं. अध्यक्षांनी बटण दाबलं, आक्का रंगीत दिव्यांत खाली आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि लाइट गेली.

बटण दाबण्याआधी मामा मांडवात उठले होते ते बोलायलाच. मी शेजारी होते, मला माहीत आहे. तेवढ्यात अध्यक्षांनी माइकवरून नाव पुकारलं, झऱ्याचे राखणदार म्हणून शाल घातली, कुणीतरी त्यांच्या डोक्याला ढिला, वाकडा फेटा गुंडाळला. मामांनी आपलाच नियम पाळला. मान खाली घातली आणि गप उभे राहिले. तेवढ्यात फोटो निघाला. आता तो एसटी स्टँडजवळच्या फ्लेक्सवर आहे, आणि टाकीबद्दल तोंड उघडलं की समितीवाले म्हणतात, मामाच आमच्या मांडवात होते, मग विरोध कुणाचा?

शाल मामांनी घरी नेली. नेणारच. ती घडी करून देवळीत ठेवली आहे. "माझ्या बापानं लग्नात दिल्याला फेटा न्हाई कधी असा जपला," आत्या टोमणा मारते, पण हल्ली हळू आवाजात मारते. कारण मामा रोज सकाळी कोरड्या डोहात उतरतात आणि दगड उलटून बघत बसतात. हलगी बंद आहे. परवा मी गेले तर त्यांनी विचारलं, "पोरी, तू शिकल्याली हाईस. सांग बघू, मी काय टाकलं हुतं हितं? काय केल्याबिगर कोण सत्कार करतंय व्हय?"

हातातला पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला. मी त्यांच्याबरोबर दगड उलटत बसले. वरून काहीच पडत नव्हतं, त्यामुळं आम्हाला एकमेकांचा श्वास ऐकू येत होता.

येत्या ग्रामसभेत टाकीचं झाकण काढून झरा मोकळा करायचा ठराव मी मांडणार आहे. गावचे असाल तर हात वर करा. गावचे नसाल, पण त्या धारेखाली उभं राहून एक जरी फोटो काढला असेल, तर दाराबाहेर येऊन उभे राहा. नंतर डोहावर चला आणि मामांना तोंडावर सांगा की त्यांनी काही टाकलं नव्हतं. माझं त्यांना पटत नाही. शाल आणू नका.