लातूरहून जहाजावर गेलेलं ताट

जहाजावरच्या जेवणाच्या हॉलमध्ये वहिनींनी, मी ज्यांच्या घरी काम करायचे त्या सरांच्या बायकोनं, पिशवीतून माझं ताट बाहेर काढलं.

स्टीलचं ताट. एका बाजूला पोचा. सोबत पेला. दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून रबर लावलेलं. लातूरहून मुंबईपर्यंत रेल्वेनं आलं, मुंबईहून जहाजात चढलं. मला पत्ताच नव्हता. मला वाटलं, ते त्यांच्या घरी मागच्या खिडकीत राहिलंय. चार दिवस तरी त्याच्यापासून सुटका.

हॉल एवढा मोठा की आमच्या जुन्या गावाची चावडी आणि पार दोन्ही त्यात मावले असते. एका कडेला पांढऱ्या ताटांच्या थप्प्या. माणूस येतो, वरचं ताट उचलतो, हवं ते वाढून घेतो. मुंबईचे शेट, गोरे पाहुणे, चड्डीवरची पोरं, सगळ्यांना तीच ताटं. जेवून झालं की धुऊन पुन्हा थप्पीला. सकाळी त्यात कोण जेवलं, कुणी विचारत नव्हतं. मीही एक उचललं होतं. टोपी घातलेला वाढपी मला "मॅडम" म्हणाला.

वहिनींनी ते ताट माझ्या हातातून काढून घेतलं. थप्पीवर परत ठेवलं नाही. बाजूच्या उष्ट्या भांड्यांत ठेवलं. कोरडं, कोरं ताट. मी नुसतं धरलं होतं.

"हे घ्या मावशी, तुमचं," त्या म्हणाल्या. मग टेबलाकडे बघून हसल्या. "आमच्या मावशींना स्टीलचीच सवय. काचेच्या ताटात घास उतरत नाही त्यांना."

टेबल हसलं. नांदेडचे एक सर सोबत होते, आमच्या सरांसारखे त्यांचेही क्लास. ते म्हणाले, "घर की थाली, घर का सुकून. बराबर ना मावशी?"

मीही हसले. इतक्या वर्षांची सवय होती. स्टीलची नाही, हसायची.

मी ताट घेऊन दाराजवळच्या खांबाआड बसले आणि जेवले.

ते ताट भूकंपातलं आहे. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, कुडाची आणि पत्र्याची घरं. नवरा पाटलाकडे सालगडी. त्या रात्री तो तिकडेच माळवदाखाली झोपला होता. गणपती बुडवून सगळे दमून पडलेले. आधी जमिनीखालून गुरगुर आली, मग सगळं खाली. आमच्या पत्र्यानं आम्हाला खरचटलं. त्यांच्या दगडामातीच्या भिंतींनी त्यांना पुरलं, आणि सोबत माझ्या नवऱ्यालाही. पाटील आणि सालगडी एकाच ढिगाऱ्यातून निघाले. एकाच सरणावर गेले, लाकूड कमी होतं म्हणून.

मग मदतीचे ट्रक आले. कुणी धान्य आणलं, कुणी कपडे, कुणी भांडी. मला एक ताट आणि एक पेला मिळाला. पहिल्यांदा पत्र्याच्या शेडजवळ डेग चढली तेव्हा रांग एकच होती. पाटलीणबाई माझ्या पुढे उभ्या होत्या, हातात तसलंच ताट घेऊन. मला वाटलं, जमिनीनं काहीतरी केलं खरं. थोडे दिवस गेले, लोकांच्या पोटात अन्न गेलं, आणि रांगा दोन झाल्या. कुणी हुकूम काढला नाही. आम्ही आपोआप मागे सरकलो. ते सरकणं मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं.

मुलाला घेऊन मी लातुरात आले. सरांचे क्लास तेव्हा एका खोलीत होते. पुढे इमारत झाली, मग दुसरी. गावोगावची पोरं एसटीनं उतरायची, डॉक्टर व्हायला. मी सरांच्या घरी भांडी, कपडे, फरशी करत होते. जेवण तिथंच. पहिल्याच दिवशी वहिनींनी विचारलं, "तुमचं ताट आहे का एखादं?" मी हे नेलं. मागच्या मोरीच्या वरच्या खिडकीत त्याची जागा ठरली. "आम्ही काही मानत नाही हो मावशी," त्या म्हणाल्या. "स्वच्छतेचा प्रश्न असतो."

त्यांच्या घरातलं प्रत्येक भांडं माझ्या हातानं धुतलं जायचं. सरांच्या आईला लकवा झाला तेव्हापासून तिचं हागणं-मुतणंही मीच काढलं. ती माझ्याच हातानं जेवायची, दुसऱ्या कुणाच्या हातानं तोंड उघडायची नाही. स्वच्छता तिथंही होतीच.

मी हे सगळं धरून ठेवलं ते नातीसाठी. मुलगा आणि सून पुण्याकडे बांधकामावर. पोरगी माझ्याजवळ. डोक्यानं तल्लख. दहावीनंतर सरांनी तिला डॉक्टरकीच्या बॅचमध्ये फी न घेता बसवलं. त्या दिवसापासून माझं तोंड त्या बॅचला बांधलं गेलं.

जहाजावर मला नेलं ते सरांच्या म्हातारीसाठी. सर, वहिनी, नांदेडचे सर आणि एक डॉक्टर जोडपं अशी सहल होती. मुंबईहून गोवा, तिथून कोची, परत मुंबई. त्यांच्या खोल्यांना गॅलरी. मला आणि म्हातारीला आतली खोली, तिला खिडकीच नाही. रोज कुणीतरी येऊन टॉवेलाची घडी घालून हत्ती करून जायचं. म्हातारी त्या हत्तीकडे बघून तोंड वेडंवाकडं करायची. ते तिचं हसणं.

जहाजाची फरशी सारखी गुरगुरते. इंजिनाची गुरगुर, सगळे म्हणाले. माझ्या तळपायाला ती ओळखीची होती. मी चप्पल काढलीच नाही.

निघायच्या आधी एक कवायत झाली. जहाज बुडायला लागलं तर कुठं जमायचं ते दाखवलं. सगळ्यांना नारंगी जाकिटं. सर, वहिनी, डॉक्टर, मी, एका रांगेत, खांद्याला खांदा लावून. तिथं वहिनींनी माझं जाकीट घरून आणलं नव्हतं.

गोव्याला जहाज लागलं. सगळे उतरायला निघाले. प्रत्येकाला फोटोचं कार्ड होतं, ते दाखवलं की खाली सोडत. माझं कार्ड सरांच्या खिशात होतं.

"तुम्ही आईजवळ थांबा," सर म्हणाले. "तुम्हाला काय बघायचं तिथं?"

म्हातारी आदल्या दिवसापासून उपाशी होती. जहाजाचं अन्न तिच्या घशाखाली जात नव्हतं. दुपारी खोलीत सूप आलं, काचेच्या ताटलीवर काचेची वाटी. तिचा बरा हात उडाला, वाटी-ताटली खाली, तुकडे. मी ते वेचले. मग माझ्या पिशवीतून कडक भाकरी काढली. घरून आणली होती. चहासाठी ठेवलेलं दूध होतं. भाकरी कुस्करायला भांडं पाहिजे. खोलीत भांडं एकच होतं. माझं ताट.

मी त्यात काला केला. तिला टेकून बसवलं आणि घास भरवायला लागले. ती खात गेली. "लई दिसानं," असं काहीतरी बोबडं बोलली. गालावर दूध आलं, ते मी पदरानं पुसलं.

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी. हातात काजूचे पुडे, मागे सर.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या. "कुणाचं ताट आहे ते?"

"माझं हाय," मी म्हणाले. "दुसरं भांडं न्हवतं."

"आईंना तुमच्या ताटात? अहो, बघताय का तुम्ही?"

सर बघत होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

वहिनींनी ताट ओढलं. मग टॉवेलाचा तोच हत्ती उलगडून ओला केला आणि म्हातारीची जीभ पुसायला लागल्या. चूळ भरता येत नाही तिला म्हणून. म्हातारी गुदमरली.

"घासलेलं हाय ते वहिनी," मी म्हणाले. "तुमच्याच साबणानं घासते रोज."

"प्रश्न घासण्याचा नाहीये मावशी!"

"मग कशाचा हाय?"

वहिनींनी ओल्या टॉवेलाची घडी घातली.

"कशाचा हाय ते सांगा. इतकी वर्सं झाली. एकदा तोंडानं म्हना की."

वहिनी सरांकडे बघत राहिल्या. सर खाली बघत म्हणाले, "विषय वाढवू नका, मावशी. नातीचं महत्त्वाचं वर्ष आहे."

मी ताट उचललं. अजून दोन घास होते. म्हातारीसमोर धरले. मला बघायचं होतं. तिनं ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटून घेतलं.

वहिनींचं बोलणं मी कधीच विसरले असते. ते तोंड मिटलेलं मला विसरता येत नाही. तिचं सगळं अंग मी धुतलं होतं. अर्धं अंग मेलेलं, तरी तेवढं तिच्यात जिवंत होतं.

ते दोन घास मी खाल्ले. त्यांच्यासमोर. म्हातारीचे उष्टे.

तिथं बसूनच मला कळलं की भूकंपानंतरच्या त्या रांगेत मी मागे का सरकले होते. पुढे उभं राहायची परवानगी कुणीतरी देईल याची मी वाट बघत होते. ट्रकनं दिलं तेव्हा ताट, सरांनी दिली तेव्हा बॅच. आणि दिलेलं सगळं काढून घेता येतं, हे सरांनी आत्ता एका वाक्यात सांगितलं होतं.

संध्याकाळी मी हॉलमध्ये गेले. थप्पीवरचं पांढरं ताट घेतलं. रांगेत उभी राहिले. वरण, भात, पापड, एक गोड वडी. आणि जाऊन त्यांच्या टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"मावशी," वहिनी हसत म्हणाल्या, पण दातखीळ बसल्यासारख्या, "तुमचं ताट खोलीत राहिलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "सुट्टी दिली त्याला. ते बी सहलीलाच आलंय."

नांदेडचे सर खो खो हसले. मग बाकी कुणी हसत नाही हे बघून पाणी प्यायले. मी सावकाश जेवले. वरण गोड होतं, आपल्याकडे कुणी खाणार नाही. तरी ताट पुसून खाल्लं. डॉक्टरांच्या बायकोनं खुर्ची थोडी सरकवली. मी बघितलं, पण माझी खुर्ची मी हलवली नाही.

कोचीला जहाज लागलं तेव्हा मी सरांना म्हणाले, "माझं कार्ड द्या."

"आईजवळ कोण थांबणार?"

"तुमची आई हाय, सर."

आजूबाजूला लोक होते म्हणून त्यांनी कार्ड दिलं. मी शिडीवरून खाली उतरले. बंदराबाहेर एका टपरीवर चहा प्यायले. भाषा कळली नाही. ग्लास सगळ्यांना तोच. जमीन गुरगुरत नव्हती, तरी माझे पाय हलत होते. फार काही बघितलं नाही. एका दगडावर बसले, जहाजाकडे पाठ करून. वेळ झाली तेव्हा परत चढले.

लातूरला आल्यावर मी कामाला गेले नाही. त्याच आठवड्यात नातीला क्लासमधून सांगितलं, बॅच भरली आहे, तुझं नाव यादीत चुकून राहिलं होतं.

पोरगी घरी आली ती माझ्यावर तुटून पडली. "आज्जे, इतकी वर्सं गिळलंस ना? अजून एक साल गिळलं असतंस तर काय मेली असतीस का?"

"न्हाई," मी म्हणाले. "मेले नसते. तू बी शिकली असतीस गिळायला."

"मला डॉक्टर व्हायचंय. तुझ्या ताटाचं मला काय?"

तिला मी दोष देत नाही. तिचं वर्ष गेलं असेल तर ते माझ्यामुळे गेलं, हे मला मान्य आहे. आता ती नांदेडला एका लहान क्लासला जाते. फीसाठी मी मुलींच्या मेसमध्ये चपात्या लाटते. मेसमध्ये कुणाकुणाच्या पोरी येतात, माझ्या हातची चपाती पटापट खातात, लाटणारी कोण हे त्यांना ठाऊक नाही. नात सुट्टीला येते. माझ्याशी मोजकं बोलते.

मागच्या उन्हाळ्यात सर माझ्या दारात आले. मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आले. मी त्यांना खुर्ची दिली.

"आई जेवत नाही, मावशी," ते म्हणाले. "दोन बायका ठेवून पाहिल्या. तोंडच उघडत नाही. तुमचं नाव घेते." मग घाम पुसून म्हणाले, "नातीचंही बघू. नव्या बॅचला बसवू तिला."

म्हातारीचं तोंड डोळ्यांपुढे आलं, आधी उघडं, मग मिटलेलं.

मी आत गेले. पेला पाण्यानं भरला, ताटात ठेवला आणि त्यांच्यासमोर धरला.

"पानी घ्या, सर."

त्यांनी ताटाकडे बघितलं. पोचा ओळखला.

"आत्ताच पिऊन निघालोय."

"उन्हाचं आलाव. दोन घोट घ्या."

"मावशी, आई तिकडं उपाशी आहे हो!"

"ठाऊक हाय. मला बी घास उतरत न्हाई त्यांच्या आठवनीनं. पर आधी पानी."

त्यांचा हात उठला. अर्ध्यावर आला. मग खिशात गेला आणि मोबाइल घेऊन बाहेर आला. तो वाजला नव्हता. "हॅलो," म्हणत ते उठले आणि गल्लीतून निघून गेले.

मी पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

ते परत येतील. म्हातारी आहे तोवर येतील. ताट आता मागच्या खिडकीत नसतं, दारालगतच्या फळीवर असतं. घासून ठेवलेलं. येईल त्याला त्यातच पाणी. सर असोत की आणखी कुणी. पाणी पिऊन झालं की मी बोलेन, हवं तर त्याच पावली म्हातारीला भरवायला जाईन. त्याच्या आधी नाही. नातीची ही नवी बॅच गेली तरी नाही. म्हातारी त्यात गेली तरी नाही.